बिनभिंतींचें बिऱ्हाड

“घरांत पांच खोल्या असतां रानांत जाऊन जमिनीवर निजणें, हें कोणत्या शहाणपणाचें लक्षण?” असा प्रश्न आम्हीं गेल्या माघ महिन्यांत आमच्या चिरंजीवांस विचारला, तेव्हां ते नुसते हंसले. चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत, फीनिक्स शहरीं राहतात, आणि हिंवाळ्याचे चार महिने आम्ही उभयतां त्यांच्याकडे होतों, हें या सदराच्या नेहमींच्या वाचकांस ठाऊक आहेच. शनिवार-रविवारास जोडून सोमवारची सुटी आली होती. त्या सुटींत दोन रात्री वाळवंटांत काढाव्या असा मुलाचा, सुनेचा व अकरा वर्षांच्या नातवाचा बेत आधींच ठरलेला होता. आमच्याकडे तो केवळ संमतीसाठीं आला होता. वानप्रस्थाचें वय आमचें, आणि वनांत जाण्याची हौस मात्र मुलांस, असा हा उलटा प्रकार!

सूनबाईंनीं सर्व गोष्टी आगाऊच उघड करून सांगितल्या. “तेथें खोली नाहीं, नळ नाहीं, दिवा नाहीं, संडास नाहीं, पहारेकरी नाहीं, आणि भाडेंही नाहीं.” शेवटचा शब्द ऐकून आमच्या अंगचा पेन्शनर किंचित् जागा झाला. आम्हीं विचारलें, “भाडें नाहीं तें कां? जमीन कोणाची आहे?” त्यावर नातू म्हणाला, “आजोबा, सगळ्यांची.” सगळ्यांची जमीन म्हणजे कोणाचीच नव्हे, असा आमचा आजवरचा अनुभव; म्हणून हें उत्तर आम्हांस पटलें नाहीं. परंतु त्या उत्तरामागें एक मोठा इतिहास आहे, तो प्रथम सांगितला पाहिजे.

त्या देशांत पूर्वीं सरकारी जमीन सांभाळण्यापेक्षां ती विकण्याची व वांटण्याचीच घाई असे. त्यासाठीं १८१२ सालीं एक स्वतंत्र कचेरी निघाली होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानें तर असें ठरलें कीं, जो कोणी १६० एकर जमिनीवर पांच वर्षें राहून ती कसील, त्यास ती जवळजवळ फुकटच मिळावी. अर्थात् जेथें पाणी होतें ती जमीन लोकांनीं घेतली. जेथें पाणी नव्हतें ती कोणीं मागितली नाहीं. १९३४ सालीं अशा उरलेल्या रानांतील गुराढोरांच्या चराईस शिस्त लावणारा कायदा झाला, १९४६ सालीं चराईचें खातें व जुनी जमीन कचेरी एकत्र करून ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ हें नवें खातें निर्माण झालें, आणि १९७६ च्या कायद्यानें असें धोरण ठरलें कीं, ही जमीन यापुढें सामान्यतः विकून टाकावयाची नाहीं, राष्ट्राच्या नांवावरच ठेवावयाची. आज या एका खात्याकडे सुमारें २४॥ कोटी एकर जमीन आहे. आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून हें क्षेत्र अधिक भरेल. म्हणजे, जी कोणीं घेतली नाहीं ती शेवटीं सर्वांची झाली, असेंच म्हणावयाचें.

या जमिनीवर मुक्काम करण्याचे दोन प्रकार आहेत. एक, आंखून दिलेल्या तळावरचा. तेथें मेज-बांकें, संडास, क्वचित् नळ, व त्याबद्दल कांहीं आकार. दुसरा प्रकार विखुरलेल्या मुक्कामाचा. त्यांत सरकार कांहींच देत नाहीं. आपण आपलें पाणी, अन्न, निवारा घेऊन जावें, जुन्या वाटेनें जाऊन पूर्वीं कोणी राहून गेलेल्या जागीं उतरावें, आणि जातांना सर्व कांहीं परत न्यावें. बहुतेक ठिकाणीं २८ दिवसांच्या अवधींत १४ दिवसांहून अधिक एका जागीं राहतां येत नाहीं. मग सुमारें २५ मैल दूर जावें लागतें. स्थलपरत्वें नियमांत थोडाफार फरक असतो, व निघण्यापूर्वीं त्या त्या कचेरींत चौकशी करणें हें शहाण्याचें काम. सूनबाईंनीं ती आधींच केली होती.

फीनिक्सहून गिला बेंड व तेथून दक्षिणेस, मिळून सुमारें पावणेदोनशें किलोमीटर गेल्यावर एक लहानसें गांव लागतें. त्याचें नांव इंग्रजी अक्षरांवरून ‘अजो’ असें वाचावेसें वाटतें. परंतु तें स्पॅनिश नांव असल्यामुळें त्याचा उच्चार ‘आहो’ असा होतो. हें कळतांच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “इतकीं वर्षें मी एकटीच हांक मारीत होतें, आतां सगळा गांव तुम्हांला हांक मारतो आहे.” गाडींत सर्वजण पोट धरधरून हंसले. त्या भाषेंत या शब्दाचा अर्थ लसूण असा आहे, असें नातवानें सांगितलें. तेव्हां चातुर्मासांत या गांवाचें नांव घ्यावें कीं घेऊं नये, असा विनोद आम्हींही केला; परंतु त्यास कोणी हंसलें नाहीं. हें गांव तांब्याच्या खाणीवर वसलेलें. १९८५ सालीं खाण बंद पडली, आणि आतां तो प्रचंड खड्डा तेवढा मागें उरला आहे. गांवाच्या दक्षिणेस पक्का रस्ता सोडून कच्च्या वाटेस लागलें कीं सरकारी माळ सुरू होतो.

वाळवंट म्हणतांच आमच्या डोळ्यांपुढें वाळूच्या टेकड्या व उंट उभे राहिले होते. प्रत्यक्षांत तें एक विरळ रानच होतें. हिरव्या सालीचीं पालो वर्दे नांवाचीं झाडें, लोखंडासारख्या कठीण लांकडाचे ‘आयर्नवुड’ वृक्ष, तेलकट वासाचीं झुडुपें, आणि त्या सर्वांवर मान काढून उभे असलेले सवारो निवडुंग. हा सवारो म्हणजे या रानाचा पितामह होय. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम इंच-दीड इंच वाढतो. पहिली फांदी फुटावयास पन्नास-पंचाहत्तर वर्षें लागतात. आणि तो दीडशें वर्षें जगूं शकतो. लहानपणीं तो एखाद्या मोठ्या झाडाच्या सावलींत वाढतो, ऊन व थंडी त्या झाडानें सोसावी, याची वाढ त्याच्या आश्रयानें व्हावी. एकत्र कुटुंबाचें याहून चांगलें चित्र आम्हीं पाहिलें नाहीं. परंतु यामुळेंच गाडी वाटेबाहेर घालूं नये असा कडक नियम आहे. चाकाखालीं काय गेलें हें दिसतही नाहीं, आणि गेलेलें एका माणसाच्या आयुष्यांत भरून येत नाहीं.

आतां आमच्या पहिल्या पराभवाची हकीकत. मुक्कामाची जागा शोधीत असतां आम्हांस एक सुंदर स्थळ दिसलें. दोहों बाजूंस झाडें, मध्यें मऊ, सपाट, स्वच्छ वाळूचा पट्टा. जणूं कोणी गादीच घालून ठेवली आहे. “तंबू येथेंच ठोका,” असें आम्हीं वडीलकीच्या नात्यानें सांगितलें. सूनबाई अदबीनें परंतु स्पष्ट म्हणाल्या, “बाबा, येथें नको. हा ओढा आहे.” आम्हीं वर पाहिलें, आकाश निरभ्र. खालीं पाहिलें, पाण्याचा टिपूस नाहीं. छत्तीस वर्षें वर्गांत आमचा शब्द कोणीं मोडला नव्हता. त्यामुळें आम्हांस थोडा राग आला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. सूनबाई पुढें कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं शेजारच्या झाडाकडे बोट दाखविलें. त्याच्या फांद्यांत, आमच्या कमरेच्या उंचीवर, काटक्या, गवत व वाळकीं पानें यांचा एक पुंजका अडकलेला होता. तो वाऱ्यानें आलेला नव्हता. एके काळीं पाणी तेथवर चढलें होतें.

अशा कोरड्या ओढ्यास तिकडे ‘वॉश’ म्हणतात. मैलोगणती दूर, आपल्याला न दिसणाऱ्या डोंगरावर पाऊस पडतो. कोरडी कठीण जमीन तो एकदम शोषूं शकत नाहीं. आणि येथें तारे चमकत असतां ओढ्यास लोंढा येतो. पावसाळा तेथें मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत. परंतु हिंवाळ्यांतही सरी येतात. आम्ही निमूटपणें वरच्या खडकाळ सपाटीवर गेलों. त्या रात्रीं लोंढा आला व आमचे प्राण वांचले, असें लिहिलें असतां ही गोष्ट अधिक रंगली असती. पण तसें कांहीं झालें नाहीं. ओढा दोन्ही रात्री कोरडाच राहिला. तरी सूनबाईंचेंच म्हणणें खरें होतें. ‘मुलांनो, निरीक्षण करा,’ असें सांगण्यांत आमचा जन्म गेला, आणि झाडांतला तो पुंजका मात्र आमच्या दृष्टीस पडला नाहीं!

खडकाळ जमिनींत तंबूच्या खुंट्या शिरेनात, म्हणून दोऱ्या दगडांस बांधल्या. त्या दगडांची वरची बाजू काळसर व खालची फिकी होती. हा काळा मुलामा चढावयास शेंकडों-हजारों वर्षें लागतात, असें चिरंजीवांनीं सांगितलें. उचललेला प्रत्येक दगड कोठला, हें नातू एका कागदावर टिपून ठेवीत होता. आम्हीं त्यास हंसलों. त्याचा उपयोग पुढें कळला.

पाण्याचा हिशेब असा. दर माणशीं दर दिवशीं निदान चार लिटर, हें तेथील सामान्य प्रमाण. आम्ही पांच जण, दिवस तीन. म्हणजे साठ लिटर. आम्हीं वीस वीस लिटरांचे चार डबे नेले होते. हे चार डबे तंबूशेजारीं ओळीनें मांडले, तेव्हां आपण किती पाण्यावर जगतों हें आम्हीं जन्मांत प्रथम डोळ्यांनीं पाहिलें. घरीं नळ असतो, म्हणून तें दिसत नाहीं. आमचें स्नान मंत्रस्नानावर भागलें. संध्येचें आचमन मोजून तीन थेंबांचें झालें. सौभाग्यवतींनीं पिठलें-भात केला, तो शेगडीवर. कारण वाळवंटांतील पडलेलें लांकूड फार थोडें, त्याच्या आश्रयास असंख्य जीव, आणि त्याची माती व्हावयास वर्षानुवर्षें लागतात. तें जाळून टाकणें सूनबाईंस पसंत नव्हतें. भांडीं आधीं कागदानें पुसून मग वाटीभर पाण्यांत विसळलीं. तें पाणी गाळून दूर शिंपडलें, व गाळ पिशवींत बांधून ठेवला.

बहिर्दिशेचा विषय कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत नको, असें कोणी म्हणेल. परंतु ज्यांनीं आपल्या स्मृति वाचल्या आहेत ते तसें म्हणणार नाहींत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत वाट, गोठा, नांगरलेली जमीन, पाणी हीं सर्व स्थानें त्या कामीं वर्ज्य सांगितलीं आहेत. अमेरिकेंतील नियम याच जातीचा आहे. पाण्यापासून, वाटेपासून व तळापासून २०० फूट दूर जावें, सहा ते आठ इंच खोल खड्डा खणावा, व नंतर तो बुजवावा. कागद वापरणाऱ्यानें कागद मात्र पुरूं नये, बंद पिशवींत परत न्यावा. कारण त्या कोरड्या मातींत तो कुजत नाहीं, आणि जनावरें उकरून काढतात. कांहीं ठिकाणीं तर मळही परत नेण्याची सक्ति आहे. आम्हां उभयतांस कागदाचा प्रश्न नव्हता; तांब्या होता. या एका बाबतींत आमची जुनी रीत नव्या शास्त्राच्या पुढें गेली, याचा सौभाग्यवतींस फार अभिमान वाटला, आणि सर्व प्रवासांत त्यांनीं तो दोनदां बोलून दाखविला.

रात्र पडली. माघ वद्यांतली, चंद्र उगवावयास मध्यरात्र उलटावयाची होती. थंडी सात-आठ अंशांपर्यंत उतरली. शाली गुंडाळून आम्ही नातवाबरोबर बाहेर बसलों. जन्मभर मुलांस आकाशांतले तारे फळ्यावर खडूनें काढून दाखविले. येथें फळाच आकाशाएवढा होता. मृग, व्याध, पुनर्वसु सर्व ओळखीचे. परंतु प्रत्येकाची जागा किंचित् बदललेली. ध्रुव पुण्याहून दिसतो त्यापेक्षां कितीतरी वर चढलेला, आणि अगस्त्य मात्र क्षितिजास टेकलेला. पुण्यास जो अगस्त्य क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंश वर येतो, तो येथें अवघा पांच अंश येतो. नऊच्या सुमारास व्याधाच्या खालीं, दक्षिणेकडच्या दोन डोंगरांच्या खांचेंतून तो थोडा वेळ दिसला. “आजोबा, हा आपला तारा कां?” असें नातवानें विचारलें. अगस्त्य ऋषि दक्षिणेस गेले ते परतले नाहींत, ही कथा आम्हीं त्यास सांगितली. आणि सांगतां सांगतां आमच्या मनांत आलें कीं, आमचीही मुलें घर सोडून दूर गेलीं तीं अशीच. आम्ही तें बोललों नाहीं. काळोखांत कोणास दिसलेंही नसेल.

आतां दुसरा पराभव. जेवणापूर्वीं चित्राहुति घालावी व भाताचा एक घांस बाजूस काढून पाखरांसाठीं बाहेर ठेवावा, हा आमचा नित्यनेम. आमच्या वडिलांपासून चालत आलेला. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ एक आहे. पहिल्या रात्रीं जेवण होतांच आम्हीं तो घांस उचलून, कोणास न सांगतां, पन्नास पावलांवरच्या एका सपाट दगडावर ठेवला. मनास बरें वाटलें. एवढ्या उजाड रानांत एखाद्या भुकेल्या जीवाच्या मुखीं अन्न पडेल, याहून त्या प्रवासाचें दुसरें पुण्य कोणतें?

पहांटे आम्ही तंबूबाहेर आलों, तों वीस पावलांवर एक प्राणी उभा. कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान. तिकडे त्यास कायोटी म्हणतात. आम्हीं टाळी वाजविली. तो हलला नाहीं. तो आमच्या तोंडाकडे पाहत नव्हता, हातांकडे पाहत होता. चिरंजीवांनीं बाहेर येऊन मोठ्यानें ओरडून भांडें वाजविलें, तेव्हां कोठें तो सावकाश निघून गेला. दगडावरचा भात नाहींसा झाला होता.

सूनबाई चिंतेच्या स्वरांत म्हणाल्या, “याला कोणी तरी खायला घालीत असलें पाहिजे. नाहीं तर हा माणसाजवळ येत नाहीं.” मग त्यांनीं नातवास समजावून सांगितलें, तें आम्हीं ऐकत होतों. अशा जनावरास माणसाच्या अन्नाची चटक लागली म्हणजे तें धीट होतें. प्रत्येक मुक्कामाशीं येऊं लागतें. एखादे दिवशीं कोणाच्या तरी मुलास चावतें. आणि मग त्यास गोळी घालावी लागते. “म्हणजे खायला घालणारा त्याला मारतोच कीं!” असें नातू म्हणाला.

आम्हीं कबुली दिली. घास आम्हीं ठेवला होता, असें आम्हीं सांगितलें. क्षणभर कोणी बोललें नाहीं. नातू मान खालीं घालून बुटाची नाडी बांधूं लागला. आजोबांस बोलल्याची त्यास लाज वाटत असावी, आणि आम्हांस आमची. पुण्य म्हणून जें आम्हीं चाळीस वर्षें केलें, तेंच येथें एका जीवाच्या नाशाच्या वाटेवरचें एक पाऊल ठरलें, हें गिळावयास त्या सकाळचा चहा पुरला नाहीं. त्यास आधीं दुसऱ्यांनीं बिघडविलें असेल. परंतु त्या पाप्यांच्या ओळींत आमचा एक घांस होताच.

दुपारीं सौभाग्यवतींनीं आमची समजूत घातली, ती फार थोड्या शब्दांत. त्या म्हणाल्या, “अहो, आपल्या अंगणांत आपण यजमान, म्हणून घांस घालतों. येथें यजमान तो आहे. पाहुण्यानें यजमानाच्या घरीं वाढप करूं नये.” शास्त्राचे ग्रंथ आम्हीं वाचले, पण त्यांतला अर्थ आयुष्यभर स्वयंपाकघरांत वावरलेल्या बाईनें सांगितला. त्या रात्रीं आम्हीं चित्राहुति घातली, ती ताटांत, आणि नंतर शेवटच्या शितापर्यंत ताट स्वच्छ केलें.

यजमान शब्द निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. ‘सगळ्यांची जमीन’ हें नातवाचें उत्तर पुरतें खरें नाहीं. अमेरिकेनें गिला नदीच्या दक्षिणेकडील हा मुलूख मेक्सिकोकडून विकत घेण्याचा करार १८५३ सालीं केला, त्याच्या कितीतरी आधींपासून येथें ओओधाम लोक राहत होते. त्यांना कोणीं विचारलें नाहीं. त्यांतले ‘वाळूचे लोक’ एका पाणवठ्याहून दुसऱ्या पाणवठ्याकडे फिरत याच रानांत आयुष्यें काढीत. आजही टोहोनो ओओधाम राष्ट्राचा राखीव मुलूख आहोच्या पूर्वेस पसरलेला आहे, आणि उन्हाळ्यांत तेथील कुटुंबें लांब काठ्यांनीं सवारोचीं तांबडीं फळें काढतात. आम्ही चार डबे पाणी घेऊन दोन रात्री ज्यास साहस म्हणत होतों, तें त्यांचें नित्याचें घर होतें. शिवाय याच वाळवंटांतून मेक्सिकोची सीमा ओलांडून पोटासाठीं उत्तरेस येणारीं माणसें चालत येतात. गेल्या तीस वर्षांत ॲरिझोनाच्या वाळवंटांत अशा हजारों माणसांचीं प्रेतें सांपडलीं आहेत. त्यांतील कित्येक तहानेनें व उन्हानें गेलीं. रात्रीं डब्यांतून पेला भरतांना हें आठवलें म्हणजे पेला जड होई.

असो. परत येतांना गाडींत आमचा व चिरंजीवांचा वाद झाला. आमचें म्हणणें असें, “जेथें पहारेकरी नाहीं तेथें नियम टिकावयाचा कसा? माणूस दंडास भितो, म्हणून सरळ चालतो.” चिरंजीवांनीं एक अलीकडील उदाहरण दिलें. २०१८ च्या डिसेंबरांत त्या देशाच्या सरकारचा खर्चाचा ठराव अडला, आणि ३५ दिवस पुष्कळ सरकारी नोकर घरीं बसले. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत जोशुआ ट्री नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे. तें बहुतांशीं उघडेंच राहिलें, रखवालदार मात्र मोजके. तेथें लोकांनीं वाटेबाहेर गाड्या घातल्या, कचरा केला, आणि ज्या झाडांवरून उद्यानास नांव मिळालें त्या जातीचीं कांहीं झाडेंही तोडलीं. “पाहा, आमचेंच म्हणणें सिद्ध झालें,” असें आम्ही म्हणालों. चिरंजीव म्हणाले, “पुढचें ऐका. त्याच दिवसांत आसपासच्या गांवचे लोक आपण होऊन तेथें गेले, संडास झाडले, कचरा उचलून नेला. त्यांना कोणीं बोलावलें नव्हतें, आणि त्यांच्यावरही पहारा नव्हता.” यावर आम्हांस लगेच उत्तर सुचलें नाहीं, अजून सुचलेलें नाहीं.

आमच्या लहानपणीं गांवास गायरान होतें. तें सर्वांचें होतें. पुढें एकानें कुंपण पुढें सरकविलें, दुसऱ्यानें उकिरडा केला, तिसऱ्यानें मुरूम खणून नेला. प्रत्येकजण म्हणाला, माझ्या एकट्यानें काय होतें? आज तेथें गाय उभी राहील एवढी जागा नाहीं. अमेरिकेंतील माळासही तेंच भय आहे. घाण व मोडतोड फार झाली म्हणजे खातें तेवढा भाग मुक्कामास बंद करतें, आणि मग नीट वागणाऱ्यासही तो बंद होतो. म्हणजे आज आम्हांस तेथें विनामूल्य निजतां आलें, तें सरकारच्या औदार्यानें खरेंच. पण आमच्या आधीं त्याच जागीं निजून गेलेल्या अनोळखी माणसांनींही ती राखली, म्हणून. त्यांचीं नांवें आम्हांस ठाऊक नाहींत.

निघण्याच्या दिवशीं सकाळीं तंबू उतरला. नातवानें आपला कागद काढला व एकेक दगड त्याच्या जुन्या खळगींत, काळी बाजू वर करून ठेवला. मग आम्ही पांचही जण एका ओळींत, हात हातभर अंतरानें, खालीं पाहत तळावरून चाललों. आमच्या हातीं लागलें तें असें: सौभाग्यवतींच्या केसांतला एक आंकडा, आमच्या औषधाच्या गोळीचें चमकतें वेष्टन, आणि पूर्वीं कोणीं तरी फळ्या जाळल्या असतील त्यांतले सात गंजलेले खिळे. खिळे आमचे नव्हते. “ते कशाला उचलतोस?” असें आम्हीं विचारणार होतों, पण विचारलें नाहीं. आम्हींही वांकून दोन वेंचले.

चैत्रांत आम्ही घरीं परतलों. आमच्या फिरण्याच्या वाटेवर टेकडीशीं एक वड आहे. त्याखालीं रविवारच्या मंडळींच्या पत्रावळी, पेले, पिशव्या पडलेल्या असतात. पूर्वीं आम्ही तेथें थांबून नगरपालिकेस चार शब्द लावीत असूं व पुढें जात असूं. हल्लीं जातांना एक जुनी पिशवी बरोबर घेतों. वड कांहीं स्वच्छ झाला आहे असें नाहीं. सोमवारीं पुन्हां तेंच. परंतु आमच्याबरोबर फिरणाऱ्या दोघां पेन्शनरांपैकीं एकानें गेल्या आठवड्यांत आपली पिशवी आणली. दुसरे अजून नगरपालिकेसच बोलतात. आणि पिशवी घेऊन आम्ही दारांतून निघालों, म्हणजे आंतून हांक येते, “अहो, भाजीला निघालांत का?”